पुणेकराला सांगू नको

मिलिंद, तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले आणि मला अजून नीट रडता आलेलं नाही. रडायला बसलो की आधी तुझा राग येतो. ओळखीचे भेटतात, खांद्यावर हात ठेवतात, फार दिलदार माणूस होता म्हणतात. मी मान डोलावतो. दिलदार होतास, खरंच होतास. पण माझ्याशी लबाडी केलीस, आणि ती एक-दोन दिवस नाही, वर्षभर केलीस, हे मी त्यांना कसं सांगू? म्हणून तुलाच लिहितोय.

तू ट्रक चालवून आलास. मागे ट्रेलर लावून, डोंगरांतून, आठ दिवस. माझ्याशिवाय. आणि परत आल्यावर दर शनिवारी माझ्यासमोर बसून त्याच ट्रकवर वाद घालत राहिलास, जणू तो आपण दोघांनी अजून फोटोतच पाहिला होता. हे तुझ्या तोंडून कळलं असतं तर मी चार शिव्या हासडून विषय संपवला असता. मला ते कळलं तुझ्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, तुझ्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये, हातात चहाचा कप असताना.

हे कधी दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला आपलं खूळ माहीत नसणार, म्हणून थोडं मागे जातो. तू हवं तर जांभया दे.

अकरा वर्षांपूर्वी, या शहराएवढ्या बेट-देशात, क्वीन्सटाउनच्या आपल्या ऑफिसात तू नवा आला होतास. तू नागपूरचा, डेव्हलपमेंटमध्ये. मी पुण्याचा, टेस्टिंगमध्ये. म्हणजे तू सॉफ्टवेअर लिहायचास आणि मी त्यातल्या चुका काढायचो. पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या नावावर सतरा बग टाकले. तू माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालास, "काऊन बे पुणेकर, दुसरं काम नाही का तुला?" मी म्हणालो, "हेच काम आहे." त्या दुपारी आपण एकत्र जेवलो आणि जेवताना तू मोबाईलवर एक फोटो दाखवलास. तुझ्या मेव्हण्यानं कॅलगरीहून पाठवलेला. एक पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे अख्खं घर म्हणावं असा ट्रेलर. त्या ट्रेलरचं नाक ट्रकच्या उघड्या हौद्यात येऊन बसलेलं.

"घर ओढून राहिला बे माणूस," तू म्हणालास.

झालं. आपण दोघं त्या फोटोत अडकलो ते अकरा वर्षं. आपल्या दोघांकडे साधी गाडी नाही. या बेटावर आपल्यासारख्यांना ती लागतही नाही. गाडी काढली तर तासाभरात जमीन संपते आणि पुढे समुद्र लागतो. पण म्हणूनच की काय, न संपणारा रस्ता आणि मागे घर, याचा किडा आपल्या दोघांनाही चावला. ठरलं असं की मुलींची शिक्षणं उरकली की कॅलगरीला जायचं, मेव्हण्याचा ट्रक घ्यायचा, एक जुना ट्रेलर बघायचा आणि दोन महिने फिरायचं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं वळणावर खाली उतरून हातवारे करायचे. बायकांना पहिल्या फेरीला न्यायचं नाही हेही आपणच ठरवून टाकलं होतं. त्यांनी कोणी विचारलंही नव्हतं.

आणि मग आपण त्याचा प्रोजेक्ट केला. दुसऱ्या कुणी सहलीची स्वप्नं बघितली असती. आपण शीट उघडली. एक्केचाळीस ओळी, प्रत्येक ओळीत एक प्रश्न, आणि ऑफिसातलाच नियम: ज्यानं बग उघडला त्यानंच तो बंद करायचा, आणि एकही बग उघडा असेल तर माल बाहेर जाणार नाही. पाण्याची टाकी किती लिटरची, ब्रेक कुठले, उतारावर कुठला गिअर, सगळं एकेक करून मिटलं. चाळीस ओळी हिरव्या झाल्या. एक लाल राहिली. ती मी उघडली होती.

फिफ्थ व्हील हिच. हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांच्या वर बसवायची लोखंडी पकड. ट्रेलरच्या नाकाखालचा जाड खुंटा तिच्यात जाऊन अडकतो आणि सगळ्या घराचं ओझं तिच्या भरवशावर चालतं. तिला आपण जबडा म्हणायचो. कुठला जबडा घ्यायचा, हा आपला अकरा वर्षांचा वाद.

मेव्हण्याचा ट्रक चार दारांचा, त्यामुळे मागचा हौदा आखूड. हौदा आखूड असला की अरुंद वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा फिरतो आणि थेट केबिनच्या मागच्या काचेवर येतो. म्हणून वळणाआधी जबडा हातभर मागे सरकायला हवा. सरकणारे जबडे दोन जातीचे. एकात ट्रक थांबवायचा, खाली उतरून दांडा ओढायचा, खटका सुटला की ट्रक हलकेच पुढे घ्यायचा, मग जबडा मागे जाऊन बसतो. दुसरा वळताना आपला आपण सरकतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. तू हाताच्या जबड्याचा. मी ऑटोचा.

"माणूस विसरतो," मी म्हणायचो. "तो विसरणार हे धरूनच चालायचं."

"दोघं राहतो ना बे आपण. एक विसरला तर दुसरा आहे."

"आणि दोघं गप्पा मारत असले तर?"

"तू काऊन गप्पा मारशील? तू तर चुका शोधत बसशील."

दर शनिवारी सकाळी तू एमआरटीच्या ट्रेननं आणि बसनं, बेटाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, दीड तास घालवून ईस्ट कोस्टला यायचास. समुद्राकाठचं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या, आणि त्यातलं कोपऱ्यातलं टेबल. टिश्यूचं पाकीट म्हणजे ट्रक, जेवणाचा ट्रे म्हणजे ट्रेलर, मधे जबडा म्हणून दात कोरायची काडी. तू पाकीट वळवायचास, ट्रेचा कोपरा पाकिटावर चढायचा, मी म्हणायचो, "फुटली काच." तू म्हणायचास, "थांब बे, दांडा ओढायचा राहिला." साफसफाईच्या आंटीनं कितीदा आपला ट्रेलर उचलून नेला असेल. "अंकल, फिनिश ऑलरेडी? ट्रे रिटर्न, लाह." तू तिला दर वेळी हात जोडायचास आणि ट्रे परत मागून घ्यायचास.

एवढं सगळं मी का लिहितोय? कारण मला वाटायचं, हे आपलं आहे. माझं लग्न, माझी नोकरी, इथे राहून काम करायचा माझा पास, माझी मुलगी, या सगळ्यांत कुठे ना कुठे दुसऱ्या कुणाचं तरी चालतं. त्या टेबलावर फक्त आपलं चालायचं. तू तेच टेबल उचलून घेऊन गेलास, मला न सांगता.

गेल्या सप्टेंबरात तू कॅलगरीला गेलास, भाचीच्या लग्नाला. परत आल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारला होता, ट्रक पाहिलास का? तू म्हणालास, "कुठं बे. लग्नघरातून सुटकाच नाही झाली. हळदी, जेवणं, पाहुणे." मी हळहळलो. मी तुला, मिलिंद, दिलासा दिला. म्हणालो, जाऊ दे, आपण दोघं मिळूनच बघू. तू मान खाली घालून वाडग्यातली पेज ढवळत राहिलास.

त्या पेजेचंही बोलू या. झणझणीत सावजी रस्सा पिणारा माणूस, हॉकर सेंटरमध्ये मिरची वाढवून मागणारा, आणि एकाएकी शनिवारी पांढरी पेज खायला लागला. पित्त वाढलंय म्हणालास. मग वजन उतरायला लागलं तेव्हा म्हणालास, उपास धरतोय, सोळा तास, हल्ली सगळे करतात. मी तुझी टर उडवली. म्हातारपणी मॉडेल व्हायचंय का, असं विचारलं. शर्ट तुझ्या अंगावर हँगरवर टांगल्यासारखा लोंबायचा आणि मी, जगाच्या चुका काढणारा, तुझ्यासमोर बसून ट्रेचा कोपरा मोजत होतो. याचा मला माझा राग येतो. पण तुझाही येतो. तू मला दिसू दिलं नाहीस.

मला कळलं ते तू हॉस्पिटलात गेल्यावर. शेवटचे अकरा दिवस. पोटात जे निघालं होतं ते वर्षापेक्षा जुनं होतं, हे डॉक्टर नाही, वैशालीवहिनी बोलून गेल्या. मी तुझ्या कॉटशेजारी बसलो होतो. शेवटी म्हणालो, "मिल्या, बरा हो. मी लाल ओळ बंद करतो. तुझा हाताचा जबडा मान्य."

तू डोळे उघडलेस. आवाज पार बसला होता, पण ऐकू आला. "नाही बे. दया नको दाखवू. बंद करायची तर मुद्द्यावर कर."

"मुद्दा काय राहिला आता?"

तू म्हणालास, "जबड्याचं वैशालीला विचार."

मला वाटलं औषधाचा अंमल आहे. वैशालीवहिनींना जबड्याचं काय विचारायचं? त्यांना त्यातलं काय कळतं? तुझ्या कपाळावर हात ठेवून मी निघालो. दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतास.

पुण्यानुमोदनाला मी सकाळीच पोचलो. पांढरा शर्ट घातला होता. मला तुमच्याकडचं काही येत नाही, त्यामुळे मागच्या रांगेत हात जोडून बसलो. भन्तेजी सांगत होते आणि सगळे म्हणत होते, बुद्धाला, धम्माला, संघाला शरण, मग पाच शीलं. तूच मला एकदा बसमध्ये ती पाचही बोटांवर मोजून समजावली होतीस. चौथं खोटं न बोलण्याचं. तेव्हा तू म्हणाला होतास, "पाचवं सोपं आहे बे, दारू सोडता येते. हे चौथं अवघड." मी त्या दिवशी सगळ्यांबरोबर पुटपुटलो. तू गेल्याचं दुःख होतं, आजार लपवल्याची टोचणी होती, पण तोवर मनात राग नव्हता. आजारी माणसाचं खोटं माफ असतं, असं मी ठरवून आलो होतो.

मग जेवणं झाली, माणसं पांगली, वहिनींनी चहा दिला. तुझा मोबाईल त्यांच्या हातात होता. म्हणाल्या, "सुहासभाऊ, हा व्हिडिओ बघावा वाटते का परत? तुम्हाला तर दाखवलाच असंल यांनी. किती हसले असाल दोघं."

उंच, काळपट हिरवी झाडं. लाल मातीचा रस्ता. आणि ट्रक. ट्रकच्या खिडकीत टोपी घातलेला तू. मागे ट्रेलर, खरोखरचा, पांढरा, त्याच्या खिडकीला पडदे. वहिनींचा आवाज, कॅमेऱ्याच्या मागून: "या, या, अजून थोडं या, डावीकडे घ्या." त्या हात हलवत होत्या, त्यांची सावली मातीवर दिसत होती. मी उभा राहायची जागा होती ती.

तू चाक वळवलंस. मी तुझ्या फ्लॅटमध्ये, चहाचा कप हातात धरून, मोठ्यानं म्हणालो, "दांडा." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. व्हिडिओत ट्रेलरचा कोपरा हळूहळू केबिनकडे आला. अगदी बारीक आवाज झाला, काचेची बांगडी फुटावी तेवढाच. वहिनी ओरडल्या, मग काही क्षण नुसती माती आणि त्यांचे बूट दिसले. पुन्हा कॅमेरा वर आला तेव्हा तू खाली उतरून कमरेवर हात ठेवून फुटलेल्या काचेकडे बघत होतास. आणि हसायला लागलास. इतका हसलास की पोट धरून ट्रकच्या पायरीवर बसलास. वहिनी विचारत होत्या, "दुखतंय का? दुखतंय का जास्त?" तू हातानंच नाही म्हणालास. मग सरळ कॅमेऱ्यात बघितलंस.

"वैशाली, हे पुणेकराला सांगू नको. जन्मभर ऐकवत बसन."

व्हिडिओ संपला. वहिनी डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "हसलात ना तेव्हा?"

"हो," मी म्हणालो. "फार हसलो." चौथं शील म्हणून दोन तास झाले नव्हते.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता, गद्दार. दोन आठवडे तो गेला नाही. तू माझ्याशिवाय गेलास हे एक. पण त्याहून मोठं असं की तू हरला होतास, मिलिंद. तुझा हाताचा जबडा, तुझा शहाणा माणूस, तुझं "दोघं राहतो ना बे", सगळं त्या काचेबरोबर फुटलं होतं. तू हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलास आणि पुढच्याच शनिवारी, कॅलगरीहून येऊन चार दिवस झाले नव्हते, मला म्हणालास, "हाताचाच जबडा. विसरायला काय झालं, लहान आहोत का आपण?" चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी त्या दिवशी तुझ्याशी दोन तास भांडलो. माझं म्हणणं पटवून द्यायला टिश्यूची तीन पाकिटं लागली. आणि तुझ्या खिशात, मोबाईलमध्ये, पुरावा होता.

घरी अंजलीला सांगितलं. माझी बायको असूनही तिनं माझी बाजू घेतली नाही, पोळ्या लाटत राहिली. ईशा सोफ्यावरून, मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, ही नो नीड टू टेल यू, लाह. यू विल से 'आय टोल्ड यू सो' फॉर हंड्रेड इयर्स." मी तिच्यावर खेकसलो. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो, कारण तूही नेमकं तेच म्हणाला होतास.

गेल्या शनिवारी मी ईस्ट कोस्टला एकटा गेलो नाही. वहिनींचा फोन आला होता, त्यांना ते टेबल बघायचं होतं. अकरा वर्षांत त्या एकदाही तिथे आल्या नव्हत्या. त्यांनी पेज घेतली, मी नुसती कॉफी. काही वेळानं मी सांगून टाकलं की मला काही माहीत नव्हतं. व्हिडिओ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुम्ही फिरायला गेलात हेही मला ठाऊक नव्हतं.

त्यांचा चमचा थांबला. "पण यांनी तुम्हाला विचारलं होतं. मला म्हणाले, सुहासला विचारलं, तो नाही म्हणते."

"मला कधी विचारलं?"

"गेल्या वर्षी, जुलैमध्ये. रिपोर्ट आला त्याच्याच आठवड्यात."

मी सांगणार होतो की साफ खोटं आहे. तोंड उघडलंही होतं. आणि आठवलं.

जुलैतला शनिवार. पाऊस येऊन गेला होता, टेबल ओलं होतं, तू शर्टाच्या बाहीनं पुसलंस. सहज बोलावं तसं बोललास, "सप्टेंबरात जाऊन येऊ का बे? भाड्यानं घेऊ ट्रेलर. आठच दिवस. तुला सुट्टी भेटन ना?" मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शीट बघत होतो. म्हणालो, "जबडा कुठे ठरलाय? बग उघडा असताना माल बाहेर जात नाही. आणि माझा पास रिन्यू व्हायचाय. पुढच्या वर्षी बघू." तू म्हणालास, "भाड्याच्या ट्रेलरला हाताचाच जबडा लागतो बे, तुझा ऑटो बसतच नाही." मी म्हणालो, "मग तर नाहीच." तू हसलास, टिश्यूचं पाकीट हातात घेऊन वळवलंस आणि विषय बदललास. मला तो वादातला एक डाव वाटला. पुढच्या शनिवारी मी तो विसरलोही होतो.

हो, तू विचारलं होतंस. मी नाही म्हणालो होतो, तेही एका लाल ओळीसाठी. हे मला मान्य आहे. पण तू कारण सांगितलं नाहीस. एक वाक्य, मिलिंद. "रिपोर्ट आलाय." मी पास, सुट्टी, शीट सगळं समुद्रात टाकून आलो असतो. तुला ते माहीत होतं आणि म्हणूनच तू बोलला नाहीस, हेही मला आता दिसतं. तुला कीव येऊन आलेला सुहास नको होता. तुला वाद घालत येणारा पुणेकर हवा होता, आणि तो येईना तेव्हा तू त्याला टेबलापाशी जसाच्या तसा ठेवून गेलास. परत आलास तेव्हा तो तिथेच बसलेला होता, ट्रे आणि टिश्यू घेऊन, काहीच बदललं नसल्यासारखा. तुझ्या घरात सगळं बदललं होतं. वर्षभर शनिवारची सकाळ तेवढी तुला तशीच हवी असेल. मला हे समजतं. समजलं म्हणून राग गेला, असं होत नाही. तू तुझं बघितलंस. माझ्या वाटचं काय ते तूच परस्पर ठरवलंस, आणि मला निरोपाचं एकही शहाणं वाक्य बोलू दिलं नाहीस. मी अकरा दिवसांत काय बोलणार होतो? मी तुला मोसंबी सोलून देत होतो.

वहिनी टेबलावरच्या पाकिटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हेच का ते?" मी ट्रे ठेवून दाखवलं, काडी लावली, पाकीट वळवलं. त्यांनी माझा हात थांबवला.

"असं नाही, भाऊ. आधी थांबायचं. उतरायचं, दांडा ओढायचा, मी बघते म्हणायचं, मग पुढे घ्यायचं. पहिल्या दिवशी हे विसरले. नंतर सात दिवस मीच ओढला." मग म्हणाल्या, "यात अकरा वर्षं भांडण्यासारखं काय होतं?"

आपल्या माणसांपैकी जबडा हातात धरलेलं असं एकच माणूस आता उरलं आहे, आणि आपण त्याला पहिल्या फेरीला न्यायचंच नाही असं ठरवलं होतं. मी त्यांना विचारलं, दांडा जड असतो का? म्हणाल्या, गार असतो, हातमोजे लागतात. आपल्या एक्केचाळीस ओळींत हातमोजे नाहीत, मिलिंद.

आंटी ट्रे न्यायला आली. "युअर फ्रेंड नॉट कमिंग टुडे, अंकल?" तो गेला, हे वहिनींनी तिला सांगितलं. आंटीनं ट्रे खाली ठेवला आणि तो न नेताच पुढच्या टेबलाकडे गेली.

आज, हे लिहिता लिहिता, मी शीट उघडली. लाल ओळ तशीच आहे. आता मुद्द्यावर बंद करता येते. माझ्या म्हणण्याचा पुरावा तूच कॅमेऱ्यात घेऊन ठेवला आहेस. आम्हा टेस्टरांचा जीव कशात असतो ते तुला चांगलं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं जी चूक होणार म्हणून आपण ओरडतो आणि कुणी ऐकत नाही, ती एकदा आपल्यासमोर व्हावी, एवढंच. ऑफिसात तशी एखादी सापडली की मी तुझ्या टेबलापाशी यायचो आणि तू मला बघूनच डोक्याला हात लावायचास. मग आपण चहाला जायचो.

मी दोनदा त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दोनदा काढून घेतलं. ऑटो लिहिलं तर तू हरलास, आणि हरलेला तू माझ्यासमोर नाहीस. त्याला काय चव आहे? मी शीट मिटली आणि तो व्हिडिओ लावला. वहिनींनी पाठवला आहे. तू वळतोस, मी "दांडा" म्हणतो, तू ऐकत नाहीस. आज चौथ्यांदा तो बारीक आवाज झाला तेव्हा, एकविसाव्या दिवशी, मला रडू फुटलं. अंजली धावत आली, काय झालं म्हणाली. मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगतो, आणि याचं उत्तर तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे.

ती काच माझ्या डोळ्यांदेखत फुटायला हवी होती.